पन्नाशीच्या आसपास घरच्या घरी पिलाटेस: पहिले तीन महिने

चार वर्षांपूर्वी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी पिलाटेस सुरू केलं ते चुकीच्या टोकाकडून. फोंड्याहून पणजीला रोज बसनं जाणं-येणं, दिवसभर टेबलाशी बैठक आणि संध्याकाळी ओट्याशी उभं राहिलं की कंबर धरायची. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत पहिला जो व्यायाम होता तोच केला: उताणं झोपून पाय वर, मान वर, आणि हात शंभर वेळा खालीवर. कसेबसे साठ झाले. दुसऱ्या दिवशी मान डावीकडे वळेना, आणि चार दिवस ती तशीच राहिली. मग एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिनं पहिले दोन आठवडे मला मान उचलूच दिली नाही. नुसता श्वास आणि कंबरेच्या हाडाची हालचाल, एवढंच. तिथून मला हा व्यायाम कळायला लागला, म्हणून या लेखाचा क्रमही तोच ठेवला आहे. पहिले दोन आठवडे तुम्हाला फार थोडं केल्यासारखं वाटेल. ते वगळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

हा व्यायाम आहे तरी काय

जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी त्याला ग्रासलं होतं, आणि त्यातून बाहेर पडायला तो वेगवेगळे व्यायामप्रकार शिकत गेला. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं, तेव्हा तिथल्या छावणीत त्यानं सोबत्यांना व्यायाम शिकवले. १९२६ साली तो न्यूयॉर्कला गेला. तिथे नर्तक-नर्तकी त्याच्याकडे यायला लागल्या. आपल्या पद्धतीला तो स्वतः ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचा, म्हणजे ताब्याची विद्या. १९४५ साली त्यानं चटईवरचे ३४ व्यायाम क्रमानं छापले, आणि त्या क्रमात पहिला आहे तोच शंभराचा, ज्यानं माझी मान धरली. तो क्रम तयार अंगाच्या माणसांसाठी ठीक. खुर्चीवर वीस-पंचवीस वर्षं बसलेल्या आपल्यासारख्यांनी तो जसाच्या तसा उचलायचा नाही.

यातून काय मिळतं आणि काय नाही, तेही आधीच सांगते. पोटाचे खोल स्नायू, पाठीच्या कण्यालगतचे स्नायू, खुबे आणि खांदे यांना एकमेकांशी जुळवून काम करायला हा व्यायाम शिकवतो. तोल सुधारतो, बसण्या-उठण्यातला ताठरपणा कमी होतो. वजन मात्र यानं फारसं उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. पिलाटेस दुसऱ्या खात्यात बसतं. मिरामारच्या वाळूवरचं चालणं किंवा देवळापर्यंतची भरभर फेरी चालूच ठेवायची. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता झपाट्यानं घटते, आणि तिच्यासाठी नुसतं चटईवरचं पिलाटेस पुरत नाही. चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं हे हवंच.

आधी डॉक्टरांशी बोला

हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठीचं गोल करून वाकणं, चेंडूसारखं लोळणं, मान-खांदे उचलून पोटाचे व्यायाम करणं हे सगळं वर्ज्य. अशा दाबानं मणका पिचू शकतो. पन्नाशी उलटलेल्या बाईनं, विशेषतः पाळी लवकर गेली असेल तर, हाडांची तपासणी करून घ्यावी का हे डॉक्टरांना विचारावं. रक्तदाब असेल तर व्यायामात श्वास कोंडायचा नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर अगदी उपाशीपोटी सुरुवात करायची नाही, आणि हाताशी साखर किंवा गूळ ठेवायचा. काचबिंदू, हर्निया, मणक्यातली सरकलेली गादी, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर सल्ल्याशिवाय सुरू करू नका. कमरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा अचानक गेला असेल, तर चटई राहू दे, आधी दवाखाना गाठा.

जागा, चटई, वेळ

दोन्ही हात पसरून उताणं झोपता येईल एवढी जागा पुरे. जुन्या घरात सोप्यावरची कोब्याची जमीन उत्तम, फ्लॅटमध्ये हॉलमधलं टीपॉय सरकवलं की झालं. पलंगावर नको. गादी दबते आणि कंबर कुठे आहे तेच कळत नाही. योगासनांची चटई साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीची असते. पिलाटेसमध्ये मणके जमिनीवर एकेक करून टेकवायचे असतात, त्यामुळे १० मिलिमीटरच्या आसपासची जाड चटई बरी. नसेल तर आहे त्या चटईखाली घडी घातलेली सतरंजी घाला. शिवाय एक टॉवेल, एक ओढणी, एक पातळ उशी.

आपल्याकडे खरा प्रश्न पावसाळ्याचा. जूनपासून लादीला ओल येते आणि गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली चटई पंधरा दिवसांत बुरशी धरते. व्यायाम झाला की ओल्या फडक्यानं पुसा, पंख्याखाली दोन्ही बाजू सुकू द्या, मगच गुंडाळा. कडक उन्हात घातली तर ती तडकते. आणि सकाळी पायांना खोबरेल चोळायची सवय असेल तर ते व्यायामानंतर करा. अनवाणी पाय चटईवर घट्ट राहिले पाहिजेत.

कपडे सुटसुटीत, एवढंच.

वेळ सकाळची उत्तम. मी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजायच्या आत चटईवर असते, तो गल्लीत शिरला की माझी वेळ संपली. संध्याकाळी करायचं तर जेवणानंतर दोन-अडीच तास जाऊ द्या. हुमण-भात जेवून उताणं पडलं की डोळाच लागतो, आणि पोटावर ताण आला तर आंबट ढेकर येतात. मे महिन्यात पंखा लावा, मध्ये मध्ये घोटभर पाणी प्या. वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, एका आड एक.

पहिले दोन आठवडे: श्वास, कंबर, खोल पोट

श्वासापासून सुरू करू, कारण योगासनं केलेल्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. योगवर्गात श्वास घेताना पोट फुगवायला शिकवलेलं असतं. पिलाटेसमध्ये पोट हलकं आवळलेलं राहतं, म्हणून श्वास बरगड्यांत बाजूला आणि पाठीत भरायचा असतो. खुर्चीवर ताठ बसा. ओढणी छातीच्या खाली, बरगड्यांच्या शेवटच्या भागाभोवती गुंडाळा आणि दोन्ही टोकं समोर फुली करून हलकी ओढून धरा. नाकानं श्वास घ्या. ओढणी काखेखाली दोन्हीकडे ताणली गेली पाहिजे, खांदे कानांकडे चढता कामा नयेत. मग गरम चहावर घालतो तशी लांब फुंकर घालत तोंडानं सोडा. ओढणी सैल पडेल. आठ-दहा श्वास पुरेत, जास्त केलेत तर गरगरायला होईल. पहिले तीन-चार दिवस काहीच ताणलं जात नाही. मग एक दिवस पाठीकडे, ब्राच्या पट्ट्याच्या जागी, कापड ताणल्यासारखं वाटतं. ते वाटलं की पुढे जा. नियम एकच लक्षात ठेवा: जोर लावायच्या क्षणी श्वास बाहेर.

आता उताणं झोपा. गुडघे वर, तळपाय जमिनीवर, दोन पायांत खुब्यांइतकं अंतर. हनुवटी छताकडे जात असेल तर डोक्याखाली उशी घ्या. दोन्ही तळहातांचे खालचे भाग कंबरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर ठेवा, बोटांची टोकं खाली ओटीपोटाच्या शेवटच्या हाडावर. हाताचा त्रिकोण झाला. त्यावर सोलकढीनं काठोकाठ भरलेली वाटी ठेवली आहे असं समजा. कंबर जमिनीला चिकटवलीत की कढी पोटाकडे सांडेल, कंबरेची कमान केलीत की पायांकडे. दोन्हीकडे पाच-सहा वेळा हळूहळू झुका आणि मध्ये थांबा, जिथे वाटी सपाट राहते. कंबरेखाली बोटं जेमतेम सरकतील एवढी पोकळी राहते. ही तुमची मधली जागा. प्रत्येक व्यायाम इथून सुरू होतो.

तिसरी गोष्ट खोल पोट. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं त्या टोकदार हाडांच्या इंचभर आत रोवा आणि एकदा खोका. बोटं बाहेर ढकलली गेली ना? तसं व्हायला नको आहे. आता श्वास सोडता सोडता लघवी अडवल्यासारखं खालून हलकं वर ओढा आणि परकराची नाडी किंचित आवळावी तसं बेंबीखालचं पोट आत घ्या. बोटांखाली ताणलेलं कापड लागल्यासारखं वाटेल, फुगवटा नाही. पूर्ण जोर दहा धरला तर हा फक्त तीन. पोट खप्पड करून श्वासच अडला तर जोर जास्त झाला. पाच श्वास धरा, पूर्ण सैल सोडा. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं, कारण सतत आवळलेला स्नायू वेळेला कामी येत नाही. खरोखर लघवी करताना मात्र मधेच अडवून याचा सराव करू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आपल्या बायका ती डॉक्टरांनाही सांगत नाहीत. खोकताना, शिंकताना, हसताना कपडे ओले होत असतील तर ते वयाचं म्हणून सोसायचं दुखणं नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुबळे झालेले असतात आणि बऱ्याच जणींना योग्य व्यायामानं फरक पडतो. यासाठी वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट असतात. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही हाच त्रास होतो, त्यांच्यासाठीही हेच.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत

दर वेळी आधी पाच मिनिटं वरच्या तीन गोष्टी. मग पुढचे व्यायाम, प्रत्येक सहा ते आठ वेळा. आकडा पुरा करण्याच्या नादात आकार मोडू देऊ नका. चौथ्याला शरीर डुगडुगलं तर तिसऱ्यावर थांबा.

पूल. उताणं, गुडघे वर. श्वास सोडत आधी कंबर जमिनीला टेकवा, मग माकडहाड, मग एकेक मणका सोलून काढल्यासारखा उचला, खांद्याच्या पात्यांपर्यंत. वर श्वास घ्या. श्वास सोडत उलट क्रमानं एकेक मणका खाली ठेवा. शेजारच्या वहिनी माझ्याबरोबर करायला लागल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अगो, माझी पाठच भरून येते. पायांना तर काहीच नाही.” मी त्यांच्या बाजूला बसून पाहिलं तर त्या कंबरेची कमान करून छाती वर फेकत होत्या, आणि टाचा दूर गेलेल्या. “वहिनी, टाचा जवळ घ्या, बोटांनी शिवता येतील इतक्या. आता वर जाऊ नका, टाचांनी जमीन आपल्याकडे ओढा.” दोन वेळा केलं आणि त्यांनी मांडीमागे हात लावला. “इथे आलं हां.” तिथेच यायला हवं. गुडघे बाहेर फाकत असतील तर मध्ये घडीचा टॉवेल धरा. मांडीमागे पेटका आला तर पाय सरळ करा, ताणा, त्या दिवशी अर्ध्यापर्यंतच उचला.

पाऊल टेकवणं. उताणं, कंबर मधल्या जागेत. श्वास सोडत एक पाय उचला, गुडघा खुब्याच्या बरोबर वर, पोटरी आडवी. श्वास घेत तोच पाय खाली आणून अंगठा टेकवा, सोडत परत वर. कंबर हलली तर पाय कमी खाली न्या. दुसरा पाय जमिनीवरच राहू दे. दोन्ही पाय एकदम वर घेणं पाचव्या आठवड्याआधी नको. पोटाच्या मध्यरेषेवर उभा कंगोरा उठतोय का ते पाहा. बाळंतपणानंतर ज्यांचे पोटाचे स्नायू मधून फाकलेले राहिले आहेत त्यांना तो दिसतो, मूल पंचवीस वर्षांचं झालं असलं तरीही. कंगोरा दिसला की एक पायरी मागे.

शिंपली. या व्यायामाचं नावच तिसऱ्यांवरून, म्हणजे आपण खातो त्या शिंपल्यांवरून, पडलं आहे. कुशीवर झोपा, डोकं हातावर, गुडघे दुमडलेले, टाचा एकमेकींना चिकटलेल्या. टाचा न सोडता वरचा गुडघा तिसरी उघडते तसा उघडा आणि हळू मिटा. बिजागरी म्हणजे खुबा. कंबर मागे कलंडली की गुडघा जास्त उघडतो, पण ते खोटं उघडणं. मागे भिंत असली की चोरी लगेच पकडली जाते. ढुंगणाच्या वरच्या कोपऱ्यात जळजळ झाली पाहिजे.

हात-पाय. चार पायांवर या, मनगट खांद्याखाली, गुडघा खुब्याखाली. गुडघ्यांना लागत असेल तर टॉवेल घाला. श्वास सोडत उजवा हात आणि डावा पाय लांब करा. पाठीवर वाटी आहेच. सुरुवातीला नुसता पाय मागे सरकवा, बोटं जमिनीवर ठेवूनच. मनगटं दुखत असतील तर मुठी वळून त्यांवर भार घ्या.

छाती उचलणं. पालथे पडा, कपाळाखाली हात. इथे मात्र श्वास घेत डोकं आणि छाती जेमतेम चार बोटं उचला, नजर चटईवरच, मान मागे मोडू नका. खुर्चीवर वाकून बसणाऱ्यांना, मोबाइलवर मान घालून प्रवास करणाऱ्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे, आणि नेमका हाच व्यायाम लोक कंटाळून सोडतात. कंबरेत टोचलं तर पोटाखाली उशी घ्या.

शेवटी टाचांवर बसून पुढे ओणवे व्हा आणि श्वास पाठीत भरा. गुडघे पुरते दुमडत नसतील तर मांडी-पोटरीच्या मध्ये उशी. हाडं ठिसूळ असतील तर हे न करता कुशीवर पडून विसावा घ्या.

उठायचंही शिकून घ्या. उताण्या अवस्थेतून झटक्यात उठून बसायचं नाही. गुडघे वर, कुशीवर वळा, वरचा हात जमिनीवर रोवून बसते व्हा, थोडं थांबा, मग एक पाय पुढे घेऊन, लागलं तर खुर्चीचा आधार घेऊन उभे राहा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठलं की अंधारी येते.

सातव्या आठवड्यापासून

आता शंभराकडे वळू. त्याचा हिशेब साधा आहे: श्वास घेताना हाताचे पाच ठोके, सोडताना पाच, असे दहा श्वास. आधी डोकं जमिनीवर, पाय जमिनीवर, फक्त हात मांडीशेजारी वीतभर खालीवर. पाण्याच्या पृष्ठभागावर थोपटावं तसं, पण कोपर न वाकवता. पहिल्या आठवड्यात चार श्वास. मग एकेक पाय वर. डोकं सगळ्यात शेवटी, आणि तेही हनुवटी व छाती यांच्यात लिंबाएवढं अंतर ठेवून. मान दुखायला लागली याचा अर्थ पोटानं काम सोडलं आणि मानेनं उचललं. लगेच डोकं टेकवा, हात चालू ठेवा. मला डोकं उचलून पूर्ण शंभर करायला सात महिने लागले. हाडं ठिसूळ असलेल्यांनी किंवा मानेच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी डोकं कधीच उचलायचं नाही, आणि त्यांचा व्यायाम त्यामुळे अपुरा ठरत नाही.

याच टप्प्यात एका पायाचं वर्तुळ घाला: एक गुडघा दुमडून वर, दुसरा पाय जमिनीवर, वरच्या गुडघ्यानं छतावर छोटी वाटी काढायची, पाच या बाजूनं, पाच त्या बाजूनं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, खुर्चीवर ताठ बसून हात पसरून कंबरेवरचं अंग वळवणं, हेही आता चालेल.

दुखणं आणि खंड

दुसऱ्या दिवशी ढुंगण, मांड्या, पोट जड वाटणं ठीक, ते दोन दिवसांत जातं. सांध्यात टोचणं, कळ जाणं, मुंग्या येणं, छातीत भरून येणं हे ठीक नाही. थांबा आणि दाखवा.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा आठवडा आणि चवथीचे दिवस घरात चटई पसरायला जागा राहत नाही, हे गृहीतच धरा. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला तासन्‌तास खाली बसून कंबर आंबते ती वेगळीच. त्या दिवसांत पाच मिनिटं उभ्यानं करा: भिंतीला पाठ लावून बरगड्यांचे दहा श्वास, ओट्याला धरून टाचा उचलणं पंधरा वेळा, भिंतीवर हात टेकवून छाती मोकळी करणं. पंधरा दिवसांहून मोठा खंड पडला तर जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका. दोन आठवडे मागच्या पायरीवर या. अंग लवकर आठवतं.

शिकवणाऱ्या माणसाकडे कधी जावं

पणजी-मडगावसारख्या शहरांत पिलाटेसचे वर्ग चालतात, आणि स्प्रिंगांवर सरकणाऱ्या पलंगासारख्या यंत्राचे, रिफॉर्मरचे, फोटो पाहून ते यंत्र घ्यावंसं वाटतं. पहिल्या वर्षी त्याची काही गरज नाही. गरज आहे ती तुमचा आकार बाहेरून पाहणाऱ्या डोळ्यांची. सुरुवातीला एक-दोनदा आणि मग दोन महिन्यांतून एकदा कुणाला तरी दाखवलं तरी पुष्कळ. जवळ कुणी नसेल तर मोबाइल पायांशी नव्हे, बाजूला जमिनीलगत उभा ठेवून स्वतःचं चित्रीकरण करा. पुलात बरगड्या वर उसळतात का, पाऊल टेकवताना कंबर उचलते का, हे बाजूनंच दिसतं. वर्ग निवडताना एक पाहा: पहिल्या दिवशी तुमचं वय, औषधं, ऑपरेशनं, जुनी दुखणी विचारली का? न विचारताच शंभर करायला लावलं तर चटई गुंडाळा आणि दुसरी जागा शोधा.